शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे

एका गावात एक भोळा रंगारी होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि गेलं की चहाबिगर सोडत नाहीत. रंगाऱ्याचं नाव मात्र सांगतो, त्याला त्याचं काही वाईट वाटणार नाही. गुणाजी.

गुणाजीचा हात सोन्याचा होता. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवावीत तर त्यानंच. पण सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा. गिरणीवाल्यानं एकदा त्याला दाराच्या एका बाजूला 'शुभ' आणि दुसऱ्या बाजूला 'लाभ' लिहायला सांगितलं. वर बजावलं, "दोन्हीकडं अगदी सारखं यायला पाहिजे बरं का." गुणाजीनं दोन्हीकडं 'शुभ' लिहिलं. गिरणीवाला विचारतो, "अरे, लाभ कुठाय?" गुणाजी म्हणतो, "मग सारखं कसं आलं असतं?" अजून त्या दारावर दोन शुभ आहेत.

तर त्या गावाला एक नर्स होती, मालनबाई. गाव तिला शिस्टर म्हणायचं. बाई कामाची, बोलायला गोड आणि हट्टी. गावात पाण्याच्या जागा दोन. एक थोरली विहीर, पायऱ्यांची, पाणी गोड. दुसरी शाळेमागची बोअर, पाणी जरा मचूळ. सगळं गाव थोरल्या विहिरीवर. पण विहिरीच्या वरच्या अंगाला गुरं धुवायची जागा होती, आणि तिथलं पाणी जातं कुठं हे ती जागा झाल्यापासून अकरा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. मागल्या जत्रेला सहा पोरं जुलाबानं आडवी झाली. कोंडाबाईची नात चिंगी तर हातची गेलीच होती. मालनबाईंनी तिला मांडीवर घेऊन जीपनं तालुक्याला नेलं, म्हणून पोर वाचली.

आता यंदाची जत्रा महिन्यावर आली. जत्रेला गावच्या सगळ्या लेकी माहेराला येतात, कडेवर एक आणि बोटाला एक. मालनबाईंच्या घशाखाली घास उतरेना. त्यांचं म्हणणं एवढंच, की जत्रेच्या आत विहीर उपसा, घाण कुठून येते ती वाट बुजवा, आणि तोवर बोअरचं पाणी प्या.

सरपंच होते बाजीआण्णा. ते म्हणायचे, "विहीर उपसायची म्हंजे तीन दिवस आख्ख्या गावानं राबायचं. कशापायी? पाणी तर नितळ दिसतंय."

"दिसतं नितळ, आण्णा. आत जंतू आहेत."

"दावा की मग."

झालं! आता जंतू दाखवायचा कसा? मालनबाई तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टर म्हणाले, "ऐकलेलं माणूस विसरतं, बघितलेलं विसरत नाही. चित्रं काढून समजावा." आणि गावात चित्र काढणारा माणूस एकच होता.

मालनबाईंनी पुस्तक उघडून गुणाजीपुढं ठेवलं. "हा बघ जंतू. इथं एवढासा आहे. तू मोठा काढ. मंगळवारी पारावर सभा आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसला पाहिजे."

"व्हय बाई."

गुणाजी आधी शेवटची रांग बघायला गेला. गावच्या सभेत सगळ्यात मागं कोण, तर बिरा मेंढका. बिरा काही पारावर येत नसे. मेंढरं सोडून येणार कसा? तो ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बसायचा आणि तिथनं सगळ्या गावाला बघायचा. पार, देऊळ, थोरली विहीर, सगळं त्याला वरनं दिसायचं. गुणाजी टेकाडावर गेला, बिराच्या शेजारी बसला, एक डोळा मिटून पाराकडं बघितलं. मग खाली आला आणि लग्नाच्या मांडवाची कनात मागून घेतली.

मंगळवारी पारामागं कनात सोडली. जंतू बारा हात लांब. अंगावर केस, एकेक केस कासऱ्याएवढा जाड. पुढं बसलेल्या पोरांनी भोकाड पसरलं. टेकाडावरून बिरा ओरडला, "दिसला! दिसला!"

कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! ह्ये आपल्या हिरीत हाय?"

"हो, कोंडामावशी."

"मग कळशीत कसं मावलं गं?"

गाव उठलं ते थेट विहिरीवर. कुणी गळ टाकले, कुणी जाळं टाकलं. दिवस मावळेपर्यंत विहीर ढवळली. सरपंचांची तीन वर्षांमागं पडलेली बादली सापडली. जनावर काही सापडलं नाही. बाजीआण्णांनी बादली वर धरून जाहीर केलं, "हीर तपासली हाय. आत कायबी न्हाई!"

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. "गुणाजी, उगाच फुगवून दाखवू नये रे. वस्तू असते तेवढीच दाखवावी."

"व्हय बाई. पुढल्या खेपेला ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. तेच तर नडलं.

दुसऱ्या मंगळवारसाठी मालनबाईंनी साधं चित्र सांगितलं. एक हात, एक कळशी, आणि हातावरचे डोळ्याला न दिसणारे जंतू कळशीत चाललेत. बस्स. गुणाजी आठवडाभर घरात कोंडून बसला. शेजारणी सांगायच्या, डोळ्याला भिंग लावून काढतोय, ब्रशाला एकच केस ठेवलाय.

सभेत फळी उभी केली. हात असा काढला होता की नखाखालचा रंगसुद्धा सोडला नव्हता. कळशीवरचा पोचासुद्धा जागच्या जागी. हाताच्या आणि कळशीच्या मधे कोरी फळी.

मालनबाई हळूच म्हणाल्या, "गुणाजी, जंतू राहिले की."

"न्हाई बाई, काढल्यात. ह्या बोटावर चाळीस हायती. कळशीत म्या मोजलं न्हाईत."

"मग दिसत का नाहीत?"

"डोळ्याला दिसत न्हाईत, आसं तुम्हीच म्हनलात. असत्यात तेवढंच काढल्यात."

कोंडाबाई चष्मा पुसून फळीपाशी आली. नाक टेकवून बघितलं. वास घेतला. मग वळून गावाला म्हणाली, "खरंच कायसुदिक न्हाई बाई."

बाजीआण्णा खूश. "बघा मंडळी! शिस्टरनं सोता चित्र काढून आणलंय. कळशी सोच्छ हाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना दोन बायांनी वाटेवरच विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन दाखवलं.

मालनबाई पारावरच बसून राहिल्या. "अरे बाबा, जे डोळ्याला दिसत नाही, आत दडलेलं असतं, ते उघडं करून दाखवायचं असतं. चित्र त्याच्यासाठीच तर असतं ना!"

"आसं व्हय! आतलं उघडं करायचं. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

आता मालनबाईंनी जंतूंचा नाद सोडला. म्हटलं, आधी सरपंच वळले पाहिजेत. आणि स्वतःचं चित्र बघून न विरघळणारा सरपंच अजून जन्माला यायचाय. म्हणून ठरलं, की बाजीआण्णा तांब्यानं बोअरचं पाणी पितायत असं झकास चित्र काढायचं. आण्णा पितात म्हटल्यावर गाव पिणारच. आण्णांना कल्पना फार आवडली. फेटा बांधून, मिशांना तेल लावून, दोन दिवस गुणाजीपुढं ते तांब्या धरून बसले. बोअरचं पाणी तोंडाला लावलं नाही ते नाहीच, पण तांब्या धरला.

इथं एक रीत सांगून ठेवतो. त्या गावच्या जत्रेत देवाची उंच काठी निघते, आणि काठी धरण्याचा मान आण्णांच्या घराण्याचा. मानकऱ्यानं जत्रेआधी महिनाभर वशाट शिवायचं नाही. मटण नाही, मासळी नाही, अंडंसुद्धा नाही. मोडलं तर देव कोपतो. आण्णा ज्याला त्याला सांगायचे, "यंदा लई कडक पाळतोय."

तिसऱ्या मंगळवारी चित्रावर चादर टाकलेली. ती काढायचा मान सरपंचीणबाईंना. त्यांनी लाजत लाजत चादर ओढली.

फेटा, काय सांगावं! मिशा, अशा की वारं लागलं तर हलतील. हातात लखलखीत तांब्या. आणि गळ्याखाली सदरा उघडा, सदऱ्याखाली कातडं उघडं, कातड्याखाली सगळे आण्णा उघडे. पाणी गळ्यातून खाली चाललंय, पिशवीसारख्या पोटात पडतंय. पोटात दोन भाकरी, एक कांदा आणि एक कोंबडीची तंगडी.



सरपंचीणबाईंनी बोट टेकवलं. "ह्ये काय हाय?"

"तंगडी, वैनी."

"ती दिसतीया मला! ह्यांच्या पोटात कशी?"

"सोमवारी मळ्यात खाल्ली की आण्णांनी. म्या बैलांची शिंगं रंगवाया गेलतो तवा बघितली. आतलं उघडं करून दाखवा म्हनल्यावर जे आत हाय तेच दाखवलं पायजे. मनाचं काढून कसं चालंल?"

टेकाडावरून बिराचा आवाज आला, "तंगडी हितनंबी दिसतीया!"

मग जो हशा उठला, तो तीन गल्ल्या ऐकू गेला. आण्णांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. म्हणजे त्यांना वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, की इथून पुढं पारावर शिस्टरची सभा बंद, चित्रं बंद, आणि जत्रा होईस्तोवर थोरल्या विहिरीचं नाव कुणी काढायचं नाही.

मालनबाईंना आधी हसू आलं आणि मग रडू आलं. "गुणाजी, ठेव बाबा तुझी चित्रं. चित्र ते शेवटी चित्र. आता लोकांना प्रत्यक्षच दाखवलं पाहिजे."

"व्हय बाई. प्रत्यक्ष. ध्यानात ठेवतो."

चौथ्या मंगळवारी जत्रा पाच दिवसांवर. मालनबाईंनी रविवारीच तालुक्याहून तपासणीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. एकीत बोअरचं पाणी भरलं, एकीत थोरल्या विहिरीचं, आणि दोन दिवस घरात ठेवून दिल्या होत्या. पाणी घाण असलं की त्या बाटलीतलं पाणी काळं होतं. बोअरची बाटली होती तशी राहिली. विहिरीची काळी कुळकुळीत झाली.

बाई धावतच विहिरीवर गेल्या. पाणी भरायची वेळ होती. "बघा गं, बायांनो! हे बघा, तुमच्या विहिरीचं पाणी!"

कोंडाबाईनं डोळे बारीक केले. "काय हाय हातात? मला तर बोटच दिसतंय."

मागच्या बायांना तेवढंही दिसेना. एक म्हणाली, "शाई घातली आसंल." दुसरी म्हणाली, "सरपंचांनी नाव काढू नका म्हनलंय." कळश्या भरल्या, डोक्यावर चढल्या, बाया गेल्या.

मालनबाई विहिरीच्या पायरीवर बसल्या. गुणाजी शेजारी उभा होता. एकदा बाईंनी त्याच्या पायातला काटा काढून महिनाभर पट्टी बांधली होती, तेव्हापासून तो त्यांच्या मागं मागं असायचा.

"गुणाजी, मला भीती वाटते रे," बाई म्हणाल्या. "चिंगीचं अंग मांडीवर गार पडत चाललं होतं. डोळे आत गेले होते. ते मी विसरू शकत नाही. परवापासून लेकी येतील. सगळी पोरं हेच पाणी पिणार. मला फक्त एवढंच हवं होतं, की हे काळं पाणी आख्ख्या गावानं एकदा बघावं."

आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. गुणाजी बोटं मोजायला लागला.

"बाई, शेवटच्या रांगेला दिसलं पायजे."

"हो रे."

"असतं तेवढंच दाखवावं, फुगवू नये."

"हो."

"आतलं उघडं करावं. आन् चित्र नको, प्रत्यक्ष."

"हो रे बाबा, हो," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

"व्हय बाई. ह्या खेपेला चुकत न्हाई."

शाळेचा फळा काळा करायचं कामही गुणाजीचंच. कोळसा कुटायचा, फडक्यानं गाळायचा, पाण्यात कालवायचा. कृती त्याला पाठ होती. बुधवारी सकाळी त्यानं लोहाराकडनं चार पोती कोळसा नेला. लोहारानं विचारलं, "एवढा? शाळा वाढली काय?" गुणाजी म्हणाला, "फळा जरा मोठा हाय."

भर दुपारी गाव जेवून पडलं होतं. कुत्रीसुद्धा सावलीला निजलेली. आणि ओढ्यापलीकडनं आरोळी आली.

"अरं, उठा! हीर काळी झाली! आख्खी हीर काळी झाली!"

सगळ्यात आधी दिसलं ते शेवटच्या रांगेलाच.

गाव पळत सुटलं. कुणी खरकट्या हातानं, कुणी एका पायात चप्पल घालून. बघतात तर काय, काठोकाठ काळं पाणी, वर ऊन चमकतंय. कोंडाबाई छातीवर हात मारून ओरडली, "आरं देवा! शिस्टरच्या बाटलीगतच झालं की! बाई खरं सांगत हुती!" आणि तिनं चिंगीला उचलून उराशी धरलं.

बाजीआण्णा आले. पायरीवर उभे राहिले. खाली बघितलं आणि पांढरेफटक पडले. देव कोपला, असं त्यांच्या मनानं घेतलं. कुणाला काही न विचारता त्यांनी फेटा काढला, हात जोडले आणि मोठ्यानं कबूल केलं, "चुकलं रं देवा! तंगडी एकच न्हवती. आख्खी कोंबडी हुती!"

मालनबाईंनी गुणाजीला बाजूला ओढलं. "हात दाखव."

गुणाजीनं हात पुढं केले. कोपरापर्यंत काळे.

"अरे, काय केलंस हे!"

"दिसलं बाई शेवटच्या रांगेला," गुणाजी म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. मग त्याला राहवेना. तो पायरीवर चढून ओरडला, "मंडळी, म्या केलंय! कोळसा हाय!"

बाई घाईनं म्हणाल्या, "खरंच त्यानंच केलंय. आण्णा, ऐका माझं..."

पण ऐकतो कोण? आण्णा ओरडले, "गप ए येड्या! तुला धड एक जंतू काढता येईना, तू हीर काळी करणार? शिस्टर, तुम्ही लई मायाळू हाय, ह्याला पाठीशी घालू नगा. हे देवाचं काम हाय. दोन इंजिनं आणा! पाट्या आणा! आत्ताच्या आत्ता हीर उपसायची!"

आणि धोतराचा काचा मारून सरपंच सगळ्यांच्या आधी खाली उतरले.

तीन दिवस आख्खं गाव राबलं. दोन इंजिनं दिवसभर चालली, बायांनी पाट्यांनी गाळ काढला. गाळात काय नव्हतं? चार कळश्या, चपलांचा ढीग, एक मेलेली घोरपड. आणि तळ लागल्यावर दिसलं, की गुरं धुवायच्या जागेवरचं शेणामुताचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट आत पडतंय. भोक चांगलं रांजणाच्या तोंडाएवढं. आता ते दाखवायला चित्र लागलं नाही. कोंडाबाईनं एकदाच बघितलं आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. भोक दगडामातीनं बुजवलं, गुरांची जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला हलवली, आणि नवं पाणी चढेपर्यंत सगळं गाव मुकाट्यानं बोअरचं मचूळ पाणी प्यालं.

रविवारी जत्रा झाली. लेकी आल्या, नातवंडं आली. काठी निघाली. आण्णांनी ती खाली मान घालून धरली. चार दिवस मालनबाई औषधांची पेटी घेऊन दारात बसून होत्या. एकही पोरगं आजारी म्हणून आलं नाही. चिंगी तेवढी आली, रेवड्या द्यायला. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

गुणाजीला त्यांनी काय बोलावं? रागवायचं ठरवून गेल्या होत्या, पण त्याला जेवायलाच बोलावून आल्या.

आठ दिवसांनी विहीर भरल्यावर बाईंनी तिचं पाणी पुन्हा तपासणीच्या बाटलीत घातलं. दोन दिवसांनी बाटली तशीच स्वच्छ. बाईंना इतका आनंद झाला की धावत गुणाजीकडं गेल्या. "बघ, बघ! अजिबात काळी झाली नाही! विहीर चांगली झाली रे!"

गुणाजीनं बाटली उन्हात धरली. "गावाला ठाऊक हाय?"

"अजून नाही. आता सगळ्यांना कळलं पाहिजे."

"व्हय बाई," गुणाजी म्हणाला.

बाई खुशीत घरी गेल्या. भात टाकला, जेवल्या, जरा पाठ टेकली. जत्रेला देवळाला लावून उरलेला चुना गुणाजीच्या अंगणात पाच पिंपं होता, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

भर दुपारी ओढ्यापलीकडनं आरोळी आली.

"अरं, उठा! हीर पांढरी झाली!"

पुन्हा गाव पळत सुटलं. बाजीआण्णा घरातून धावत आले ते हातातल्या तंगडीसकट. विहिरीत वाकून बघितलं, मग तंगडीकडं बघितलं, आणि आभाळाकडं तोंड करून रडवेल्या आवाजात म्हणाले,

"आता का रं देवा? आता तर जत्रा झाली की!"